खांबापासून डीबीपर्यंत : आमच्या घराची मेन वायर बदलली त्याची गोष्ट

गावाकडच्या घराची मेन वायर बदलून आता दोन महिने होत आले. या कामात जे जे कळलं ते लिहून ठेवतेय, कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा सगळीकडे एकच ठरलेलं उत्तर मिळायचं, लाईटला दीड, प्लगला अडीच, गिझर-एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर, आणि मीटरपासून घरात येणाऱ्या वायरचं विचारलं की "लोड बघून टाका". लोड तर बघायचाच, पण आमच्या घरात जे झालं ते नुसत्या लोडमुळे नाही झालं. वायर किती लांब आहे हे कोणी मोजलं नव्हतं आणि त्या वायरला राखण म्हणून एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्वीच) कितीचा आहे हेही कोणी बघितलं नव्हतं.

आमचं घर कोरेगाव तालुक्यात. पुढे जुनं कौलारू घर, ओसरी आणि दोन खोल्या, मग पत्र्याची लांब पडवी, आणि तिच्यामागे २०२१ ला बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. आई-आण्णा आता मागेच राहतात, बाथरूम तिथे, स्वयंपाकघरही तिथेच नेलं. मीटर मात्र पहिल्यापासून पुढे रस्त्याकडच्या भिंतीवर. म्हणजे वीज येते पुढून आणि वापरली जाते सगळी मागे.

आधीच्या वर्षी आण्णांची बायपास झाली, डॉक्टर म्हणाले उन्हाळ्यात जीव घाबरा होईल असं होऊ देऊ नका, म्हणून यंदा मार्चमध्ये दीड टनाचा एसी बसवला. आणि तिथून सगळं सुरू झालं. एसी चालू असताना आईने गिझर लावला की ट्यूब फिकी पडायची, पंखा हळू व्हायचा, आणि अशात बोअरची मोटर लावली तर ती नुसती घुं घुं करायची, उचलायचीच नाही. डीबीमधला (मागच्या खोल्यांना वीज वाटून देणारा बोर्ड) २० अँपियरचा एमसीबी सारखा पडायला लागला. आण्णांनी ज्या मिस्त्रीकडून मागच्या खोल्यांचं वायरिंग करून घेतलं होतं त्याला बोलावलं, त्याने पाच मिनिटांत २० चा काढून ४० चा एमसीबी टाकला आणि गेला. ट्रिप व्हायचं थांबलं, घरात सगळे खूश. मी पुण्यात होते, मला फोनवर सांगितलं की प्रॉब्लेम गेला.

व्होल्टेज मात्र कमीच होतं. मग जो येईल तो सांगायचा मोठा स्टॅबिलायझर बसवा. मी ऑर्डर करणारच होते, बहिणीच्या यजमानांना सहज विचारलं म्हणून वाचले. दाजी एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. ते म्हणाले, "स्टॅबिलायझर व्होल्टेज वर उचलतो म्हणजे काय करतो, मागून करंट जास्त ओढतो. वायर बारीक असेल तर ती अजून तापणार. आधी मोज, मग खरेदी कर." एवढं एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर एप्रिल महिना बरा गेला असता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दाजी आणि मी दोघंही गावी गेलो. दाजींकडे क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजतात तो) होता, साधा मल्टीमीटर मी माझ्यासाठी घेतला. रीडिंग दाजीच घेत होते, मी वही घेऊन. (ज्यांनी कधी केलं नाही त्यांनी चालू लाईनवर स्वतः हात घालू नये, हे मनापासून सांगतेय.) पद्धत अगदी सोपी, आधी सगळं बंद करून मीटरखालच्या मेन स्वीचला व्होल्टेज बघायचं आणि मागे डीबीला बघायचं, मग एसी आणि गिझर लावून परत दोन्हीकडे बघायचं. सगळं बंद असताना दोन्हीकडे २२६. एसी, गिझर, फ्रीज, पंखे चालू केले, क्लॅम्पवर १७ अँपियर, आणि आता पुढे मेन स्वीचला २१८ तर मागे डीबीला २०७.

म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतच ८ व्होल्ट गेले आणि मीटरपासून डीबीपर्यंत ११. त्यात ही फक्त १७ अँपियरची गोष्ट. मोटर सुरू होताना एक-दोन सेकंद पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा काय होत असेल. ती घुं घुं का करत होती ते त्या दिवशी कळलं.

मग टेप घेऊन वायरचा रस्ता मोजला. ओसरीतून वर, दोन खोल्यांच्या माळ्यावरून, पडवीच्या पत्र्याखालून मागे डीबीपर्यंत बरोबर २२ मीटर. वायर अडीचची, तांब्याची. इथे दाजींनी मला हिशोब शिकवला तो लिहिते कारण तो खरंच कुणालाही जमेल असा आहे. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या फ्लेक्झिबल वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.९८ ओहम असतो. करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून २२ ऐवजी ४४ मीटर धरायचे, हे दुप्पट करायला बरेच जण विसरतात. ४४ मीटरचे झाले ०.३५ ओहम. गुणिले १७ अँपियर, सहा व्होल्ट. वायर तापली की रेझिस्टन्स वाढतो, दर दहा डिग्रीला साधारण ४ टक्के, म्हणून सहाचे सात धरा.

आणि आमच्याकडे जात होते ११.

दाजी वहीकडे बघत बराच वेळ बसले. म्हणाले, "सातचा हिशोब लागतोय. वरचे चार व्होल्ट कुठंतरी एकाच जागी जातायत. चार गुणिले सतरा, अडुसष्ट वॅट. जुना साठचा बल्ब आठवतो ना, तेवढी उष्णता एखाद्या जोडात तयार होतेय." मग आईला विचारलं, कुठे वास-बिस येतो का गं. आई म्हणाली, वास तर येतो पडवीत, पण मला वाटायचं शेजारी सुकट भाजतायत.

जळक्या प्लास्टिकचा वास माशासारखा येतो हे मला माहीत नव्हतं. तुमच्या घरात मासळी नसताना असा वास आला तर बोर्ड, प्लग, जंक्शन बॉक्स सगळं तपासून घ्या, खरंच.

मेन बंद करून, टेस्टर आणि मीटर दोन्हींनी खात्री करून दाजी शिडीवर चढले. पडवीत पत्र्याच्या खाली, आडव्या लाकडी वाशावर एक चौकोनी जंक्शन बॉक्स होता. झाकणाचे स्क्रू फिरेनात कारण प्लास्टिक वितळून बसलं होतं, चाकूने खरवडून काढलं. आत मूळ मिस्त्रीला वायर कमी पडली असणार म्हणून मध्ये जोड दिलेला. दोन टोकं सोलून दोन पीळ दिले आणि वरून काळी टेप, बस. फेजचा जोड बरा होता. न्यूट्रलच्या जोडावरची टेप वितळून डांबरासारखी खाली ओघळलेली, वायरच्या वरचं इन्सुलेशन चार बोटं लांबीपर्यंत तपकिरी झालेलं आणि हात लावला तर पापडासारखं मोडत होतं. आतलं तांबं काळं-जांभळं. अडीचच्या या वायरमध्ये ३६ बारीक तारा असतात, त्यातल्या कितीतरी तुटून राख होऊन पडलेल्या, ज्या उरल्या होत्या त्यावर आमचा एसी, गिझर, फ्रीज चालला होता. आणि खाली वाशाला वितभर काळा डाग. सुकं लाकूड. चाळीस वर्षांचा जुना सागवान.

आण्णा खाली उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत, आत जाऊन पाणी पिऊन आले.

आता यात तो ४० चा एमसीबी काय करत होता हे नीट समजून घ्या, माझ्या मते या सगळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. एमसीबी हा एसी-फ्रीज वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. अडीचची वायर भिंतीवर पाइपात असेल तर साधारण २४ अँपियर झेपते, तेही भोवतालची हवा ३० डिग्री धरून. २० चा एमसीबी पडत होता तो बिघाड नव्हता, तो सांगत होता की या वायरला हे ओझं झेपत नाही. त्याचं तोंड बंद करून ४० चा बसवला म्हणजे आता ३५ अँपियर जरी गेले असते तरी एमसीबी निवांत, आणि वायर भिंतीत भाजतेय. त्यात तो एमसीबी मागे डीबीत. मीटरपासून डीबीपर्यंतच्या २२ मीटर वायरमध्ये कुठे शॉर्ट झालं तर डीबीतल्या एमसीबीला ते दिसणारच नाही, त्याच्या आधीच झालेलं ना. तिथे राखण फक्त मीटरखालच्या किटकॅट फ्यूजची, आणि त्या फ्यूजमध्ये कुणीतरी कधीतरी फ्यूज वायरऐवजी साध्या वायरच्या चार तारा पिळून बसवलेल्या. म्हणजे राखण कुणाचीच नाही. खराब जोड मात्र कुठलाच एमसीबी पकडत नाही, कारण जोडामुळे करंट वाढत नाही, फक्त ती जागा तापते. म्हणून मेनच्या वायरमध्ये मध्ये जोड नकोच.

त्याच दिवशी तो भाग कापून, थिंबल क्रिंप करून (धातूची नळी हत्याराने घट्ट दाबून) तात्पुरता नीट जोड केला, मीटरजवळ १६ चा एमसीबी लावला आणि आईला सांगितलं की काम होईपर्यंत एसी आणि गिझर एकत्र लावायचे नाहीत. तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं, सकाळी गिझर, दुपारी एसी.

मग कितीची वायर टाकायची हा प्रश्न. लोडची यादी केली. एसी ७ अँपियर, गिझर २ किलोवॅटचा म्हणजे ९, इंडक्शन पूर्ण लावली तर जवळजवळ ९, मोटर एक एचपीची ७, इस्त्री सव्वाचार, आणि फ्रीज-पंखे-लाईट-टीव्ही मिळून ३. बेरीज ३९ च्या आसपास. पण हे सगळं एकाच वेळी कधीच चालत नाही, म्हणून आईला समोर बसवून सकाळचा तास न तास विचारला. सकाळी साडेसहाला गिझर, इंडक्शनवर चहा-दूध, मोटर टाकी भरायला, हे तिन्ही एकत्र होतात. म्हणजे ९, ९, ७ आणि वरचे ३, अठ्ठावीस. रात्री एसी, गिझर, इंडक्शन, तेही अठ्ठावीसच येतात. म्हणून मेनला ३२ चा एमसीबी ठरला. ही गोष्ट घरातल्या बाईला विचारूनच करायला पाहिजे, मिस्त्री खोल्या मोजतो, सकाळी साडेसहाला काय काय चालू असतं हे त्याला माहीत नसतं.

कामासाठी आम्ही लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस घेतला, कारण लोड वाढवायच्या अर्जाला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागणार होता. चांगला माणूस, हात स्वच्छ. तो म्हणाला, "ताई, सहा एमएम टाकू, चाळीस अँपियर घेते, घर जळंल पण वायर नाही जळणार." आण्णा म्हणत होते सात-वीस टाका, आमच्या वेळी सात-वीस म्हणजे अख्ख्या वाड्याला पुरायची. (जुने लोक तारांची संख्या आणि गेज सांगतात, सात-वीस म्हणजे वीस गेजच्या सात तारा, ते होतं साधारण साडेचार स्क्वेअर. आणि मिस्त्री सहा एमएम म्हणतो तेव्हा त्याला सहा स्क्वेअर एमएम म्हणायचं असतं, म्हणजे तांब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ, जाडी नाही. दहा स्क्वेअरची भरीव तार घेतली तर ती जाडीला साडेतीन मिलिमीटरच भरेल. दुकानात वरचं प्लास्टिक बघून जाड-बारीक ठरवू नका.)

सहा की दहा, यावर माझं आणि त्याचं दोन दिवस चाललं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, कुठल्या वायरला किती अँपियर झेपतात त्याच्या तक्त्यात ६ स्क्वेअरला भिंतीवरच्या पाइपात ४१ अँपियर आहेत. पण तक्ता ३० डिग्रीचा. आमची वायर जाते पडवीच्या पत्र्याखालून. मी आईचा भिंतीवरचा थर्मामीटर घेऊन दुपारी तीन वाजता त्याच वाशाला दोरीने टांगला, अर्ध्या तासाने बघितलं तर ४९. साध्या पीव्हीसी वायरला ५० डिग्रीत ७१ टक्केच ताकद धरायची असते. ४१ चे ७१ टक्के म्हणजे २९. तिची राखण करणारा एमसीबी ३२ चा. म्हणजे पुन्हा तेच झालं असतं, वायर एमसीबीपेक्षा दुबळी. १० स्क्वेअरला तक्त्यात ५७, त्याचे ७१ टक्के ४०. ही बसते. वायर पत्र्याखालून न नेता बाजूच्या भिंतीने सावलीतून न्यायची का हेही बघितलं, पण त्यात नऊ मीटर वाढत होते आणि दोन ठिकाणी भिंत फोडायला लागत होती.

व्होल्टेजचाही हिशोब मांडला. ६ ची वायर किलोमीटरला ३.३ ओहम, १० ची १.९१. तीस अँपियर गेले तर २२ मीटरवर सहाच्या वायरमध्ये गरम धरून पाच व्होल्ट जातात, दहाच्या वायरमध्ये तीन. दोन व्होल्टचा फरक तसा मोठा नाही, मला मान्य आहे, नुसता हाच मुद्दा असता तर मी सहाची घेतली असती. आमच्याकडे निर्णय पत्र्याने केला. दुसऱ्याच्या घरी मीटर ते डीबी पन्नास मीटर असेल तर तिथे लांबी निर्णय करेल, आणि मीटरच्या पाठीलाच डीबी असेल तर ३२ च्या एमसीबीला ६ ची वायर आरामात चालेल, उगाच दहाची घालण्यात अर्थ नाही.

कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला मी वहीतलं पान दाखवलं. त्याने थर्मामीटरचा आकडा दोनदा विचारला, मग म्हणाला, "पत्र्याचं मी धरलंच नव्हतं ताई." आणि लगेच दहाची यादी लिहून दिली. मला त्या माणसाचा आदर वाटला.

साताऱ्यातून वायर आणली, लाल, काळी, हिरवी, तिन्ही दहाच्या. अर्थिंगची वायर बारीक चालते असं दुकानदार सांगत होता, पण फेजची वायर १६ स्क्वेअरपर्यंत असेल तर अर्थ तेवढ्याच मापाची घ्यायची असते, म्हणून हिरवीही दहाचीच. आयएसआयचा मार्का आणि आयएस ६९४ हे वायरवरच छापलेलं असतं, ते वाचून घेतलं. वळणं आणि दोन्हीकडची टोकं धरून प्रत्येक रंगाची २५ मीटर कापून घेतली, एकही जोड नको म्हणून थोडी जास्तच. सहा आणि दहा यात आम्हाला चार हजारांच्या आसपास फरक पडला. आण्णा आधी कुरकुरत होते, पण तो काळा डाग स्वतः बघितलेला असल्यामुळे पैशाचा विषय त्यांनी परत काढला नाही.

काम एका दिवसात झालं. ३२ चा जाड पाईप, कारण तीन दहाच्या वायर २५ च्या पाईपात कोंबल्यासारख्या होतात आणि कोंबलेली वायर तापते. दोन्ही टोकांना क्रिंप केलेले लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), पीळ देऊन स्क्रूखाली दाबलेलं काही नाही. मीटरजवळ आता ३२ चा डबल पोल एमसीबी, म्हणजे वायर जिथे सुरू होते तिथेच राखण. किटकॅट काढून टाकला. मागे डीबीत ४० अँपियर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट कुठे गळत असेल तर लाईन तोडणारा स्वीच), पुढे प्रत्येक खोलीला वेगळे एमसीबी, गिझर आणि एसीला वेगळी चारची वायर आणि २० चा एमसीबी. परसात अर्थिंगचा नवा खड्डा, जी.आय. पाईप, कोळसा-मीठ.

संध्याकाळी लाईट चालू केली आणि आरसीसीबी लगेच खाली. परत वर, परत खाली. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने एकेक सर्किट सुटं करत शोधलं, बाथरूमच्या बोर्डात पहिल्या मिस्त्रीने न्यूट्रल कमी पडली म्हणून अर्थची वायरच न्यूट्रल म्हणून जोडली होती. गिझरच्या बोर्डात! चार वर्षं आई-आण्णा त्या बाथरूममध्ये अंघोळ करत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. आरसीसीबी बसवल्यावर ट्रिप होते म्हणून काढून टाकली असं खूप घरांत ऐकते, तर कृपा करून काढू नका, ती का पडतेय ते शोधा.

आता राहिला खांब ते मीटर. ते काम आपलं नाही, खांबावर आणि मीटरच्या आधी हात फक्त वीज कंपनीच्या माणसाने लावायचा. पण जुनी सर्व्हिस वायर काय आहे हे आपल्याला बघता येतं. आमची होती दोन कोअरची ॲल्युमिनियम, ४ स्क्वेअर, २५ मीटर, घराचा मंजूर लोड एक किलोवॅट होता तेव्हाची. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा करंट कमी वाहतं, तांब्याइतकंच काम करून घ्यायचं तर साधारण १.६ पट जाड घ्यावं लागतं. चारच्या ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१, म्हणजे पन्नास मीटरचे ०.३७, गरम धरून चौदा-पंधरा टक्के वर. ते आठ व्होल्ट बहुतेक इथेच जात होते. आधी लोड वाढवायचा अर्ज केला, एक किलोवॅटवरून सातवर, सोबत टेस्ट रिपोर्ट. मीटर ५-३० चा होता, म्हणजे जास्तीत जास्त ३० अँपियरचा, आमचे २८ म्हणजे अगदी काठावर, तो बदलून १०-६० चा आला.

वायरमन दादा आले तेव्हा मी त्यांना विचारलं की १० ची टाकायची की १६ ची. ते म्हणाले दहाची चालते, पण चिंचेच्या झाडाखालून उन्हातून जातेय आणि तुमचा लोड सात आहे तर सोळाची टाका, परत वीस वर्षं बघायला नको. मी वहीत बघितलं, १६ चं ॲल्युमिनियम किलोमीटरला १.९१ ओहम, म्हणजे तांब्याच्या १० च्या बरोबरीचं. पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखंच झालं, मला ते पटलं. जुनी वायर खाली उतरवली तेव्हा तिचं वरचं आवरण उन्हाने तडकून खवल्यासारखं झालेलं, आणि जिथे चिंचेची फांदी घासायची तिथे आतलं ॲल्युमिनियम चकाकत होतं. नवी वायर जी.आय. तारेच्या आधाराने ताणली, मीटरच्या आधी खाली लोंबता झोल ठेवला म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून मीटरमध्ये न जाता तिथेच ठिबकतं. मीटरला जाणाऱ्या टोकाला लग. ॲल्युमिनियम आणि तांबं नुसतं एकत्र पिळलं तर हळूहळू सैल होतं, वरती पांढरट थर धरतो आणि मग तोच जळका जोड, म्हणून दोन धातूंसाठीचे वेगळे लग येतात तेच वापरायला सांगायचं. आमच्या दादांना सांगावं लागलं नाही, त्यांच्या पिशवीत होते.

फांदी आण्णांनी दुसऱ्या दिवशी माणूस लावून तोडून घेतली, लाईन बंद करून घेऊन.

मग परत तेच रीडिंग, दाजी, मी आणि वही. बंद असताना २२६. एसी, गिझर, फ्रीज, पंखे, १७ अँपियर, मेन स्वीचला २२३, डीबीला २२१. आधी १९ व्होल्ट जायचे, आता पाच. त्या एकोणीस व्होल्टमधला थोडासा भाग गावच्या लाईनचा आणि ट्रान्सफॉर्मरचा सोडला तरी तीनशे वॅटच्या आसपास आपण खांबापासून डीबीपर्यंत नुसत्या वायरी तापवायला घालवत होतो, एसी-गिझर चालू असेपर्यंत सतत, आणि त्यातलं मीटरच्या अलीकडचं आमच्या बिलातही येत होतं.

आईने मोटरचं बटण दाबलं. एसी चालू, गिझर चालू, आणि मोटर एका झटक्यात उचलली, ट्यूब जराशी लुकलुकली एवढंच.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहून ठेवलंय, मेन वायर १० तांबं, २२ मीटर, मध्ये जोड नाही, मीटरजवळ ३२ चा एमसीबी, यापेक्षा मोठा टाकू नये. खाली तारीख. बोअरच्या मोटरची वायर अजून जुनीच आहे, डीबीपासून बोअरपर्यंत परसातून किती भरते ते आण्णांनी काल टेपने मोजून फोनवर सांगितलं, ४१ मीटर, आणि खाली बोअरमध्ये मोटर किती फुटांवर आहे ते बोअर मारणाऱ्याच्या पावतीवर असेल म्हणाले, ती पावती ते शोधतायत.